काळीच्या शेजारची गारगोटी

मी गारगोटी बोलतेय. पांढरी, मुळात अर्ध्या विटेएवढी, पायलीला पन्नास मिळतात त्यातली एक. पुढे ऐकताना तुम्ही नाक मुरडणारच, म्हणून आधीच सांगून टाकते: मी जळकुकडी आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात माझ्या शेजारी एक काळा दगड राहतो. सगळे त्याला काळी म्हणतात. त्या काळीचा मला हेवा वाटतो, आणि तो लपवायची मला मुळीच गरज वाटत नाही.

माझा जन्म डोंगराच्या एका फटीत झाला. खालून गरम पाणी यायचं आणि निवता निवता माझा एकेक थर मागे ठेवून जायचं. त्याला किती वर्षं लागली ते मी मोजलं नाही, आणि दुसऱ्या कोणी मोजण्याचा प्रश्नच आला नाही. पुढे रस्ता रुंद करायला तो डोंगर कापला, मी खडीच्या ढिगात येऊन पडले, आणि एके दिवशी काकांनी मला आणि माझ्या सहा बहिणींना पोत्यात भरून इथे आणलं.

काका म्हणजे इथले दगड कापणारे. तळमजल्यावर त्यांची खोली आहे. तिथे पाण्याखाली फिरणारी हिऱ्याच्या धारेची करवत, पॉलिशचं चाक, एक स्टूल आणि खिडकीत वाळत घातलेलं फडकं एवढाच संसार. तीस वर्षं दगड कापून त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, पण करवतीचा सूर जरा बदलला की त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

आम्हा सातजणींना त्यांनी फॉईलमध्ये गुंडाळून भट्टीत घातलं. पाचशे अंश, आठ तास. अंगावर किंवा भेगांत कुठे शेवाळ, धूळ, कोणाच्या बोटांचं तेल असेल तर ते जळून जावं, एवढाच हेतू. चौघी तडातडा फुटल्या. दोघींना भेगा गेल्या. मी तेवढी अखंड निघाले.

"चिवट आहे पोरगी," काका म्हणाले. "हिलाच घेऊ."

मला वाटलं, आपली निवड झाली. कशासाठी झाली ते नंतर कळलं.

दुसऱ्या मजल्यावर ताईचं काम चालतं. ताई म्हणजे संशोधन करणारी बाई, तिशी ओलांडलेली, चष्मा डोक्यावर आणि पेन केसांत खोचलेलं. काळीवर तिनं चार वर्षं घालवली आहेत. काळी म्हणे तीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा चिखल. त्या चिखलात तेव्हाचे सूक्ष्म जीव अडकून मेले असतील, तर त्यांचं काहीबाही अजून तिच्या पोटात उरलं आहे का, हे ताईला शोधायचं आहे. त्यासाठी काळीची पातळ चकती कापायची, आरशासारखी घासायची आणि एकामागून एक यंत्रांखाली ठेवायची. सूक्ष्मदर्शकात काळे ठिपके दिसतात. त्या ठिपक्यावर लेसर मारला की परतणाऱ्या प्रकाशावरून कळतं, हा कार्बन आहे की दुसरंच काही. आणि तिसरं यंत्र डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतं. तेल, मेण, चरबी असं सजीवांच्या घरचं काही असलं, तर पडद्यावरच्या रेषेत, खाली लिहिलेल्या तीन हजार या आकड्याच्या जरा अलीकडे, दोन शिखरं शेजारी शेजारी उभी राहतात.

आणि मी? मी ब्लँक. काळीसोबत मलाही कापायचं, मलाही घासायचं, तेच पाणी, तेच चाक, तेवढाच वेळ, त्याच यंत्राखाली. एकाच ताग्यातून दोघींना कापड, पण मिरवायचं एकीनंच. कारण माझ्यात काही सापडायला नको असतं. माझ्यात काही नाही हे आधी दिसलं, की मगच काळीत दिसेल ते काळीचं, करवतीचं किंवा पाण्याचं नव्हे, असं म्हणता येतं. जगात एवढे धंदे आहेत, आणि माझ्या वाट्याला आला तो रिकामं असण्याचा!

काळीचं वय सगळ्या मजल्याला तोंडपाठ. वय मलाही आहे, पण माझं कोणी विचारत नाही. काळीची चकती ठेवताना ताईचा श्वास रोखला जातो. माझी ठेवताना ती फोनवर बोलू शकते. काळीला मखमलीच्या अस्तराची पेटी, मला पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर "ब्लँक" असा शिक्का. काळीच्या ठिपक्यांना नावं आहेत, "मोठा", "डावीकडचा", "शेपटीवाला". आता माझ्यात ठिपकाच नाही, तर नाव कशाला ठेवतील, हे मला कळतं. कळलं म्हणून जळायचं थांबतं असं थोडंच आहे?

तरी सुरुवातीचे दिवस बरे होते. यंत्राची एक पट्टी आहे, तिला दोन खाचा. एकीत काळी, एकीत मी. ताई आधी माझ्यावर प्रकाश सोडायची आणि चाळीस मिनिटं पडद्याकडे बघत बसायची. माझी रेष यायची. त्या दोन शिखरांच्या जागी अगदी सपाट. ताई वहीत लिहायची, "ब्लँक: सपाट." बस्स. पण ती चाळीस मिनिटं माझी असायची. त्या वेळात काळी गपचूप शेजारी पडून असायची, आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या.

मग दर महिन्याला सपाट, सपाट, सपाट. एकदा ताईला घाई होती. तिनं मला खाचेत ठेवलं, पण प्रकाश सरळ काळीवर सोडला. वहीत लिहिलं, "ब्लँक: मागच्याप्रमाणे." मागच्या महिन्याची माझी रेष उचलून तिनं कागदावर चिकटवली. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढेही तेच. सलग चार महिने मी खाचेत पडून काळीचे लाड बघितले. एकदा सपाट निघालेली गारगोटी जन्मभर सपाटच, असं तिनं धरून चालावं? मला तर वाटलं, घरात असून मला पाहुण्यासारखं बाहेर बसवलं.

त्या चार महिन्यांत एक गोष्ट घडली होती, आणि ती मला ठाऊक होती. हातमोजे बदलले होते.

आमच्या इथे उघड्या हातानं कोणी कशाला शिवत नाही. बोटांचं तेल लागेल ही भीती. ताई तर दिवसातून दहा वेळा मोजे बदलते. पूर्वीचे मोजे कोरडे, जरा खरखरीत असायचे. मग भांडारातून नव्या प्रकारचे आले, मऊ, पटकन चढणारे, पटकन उतरणारे. त्यांचा पहिला स्पर्श झाला तेव्हाच मला वेगळं लागलं. कारखान्यात मोजा साच्यातून सुटावा म्हणून साबणासारखा मेणचट थर लावतात, तो थोडासा त्यावर राहून गेला होता. ताईनं मला उचललं तेव्हा तो माझ्या घासलेल्या अंगाला लागला. त्याच बोटांनी तिनं काळीला उचललं, तेव्हा तिलाही लागला. स्वच्छता ठेवायची म्हणून मोजे घातलेल्या हातांनी आम्हा दोघींना माखलं, आणि कोणाला पत्ता नाही.

मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटतं? अजिबात नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगावर काहीतरी होतं! मी वाट बघत बसले, की आता ही माझ्यावर प्रकाश सोडेल आणि माझीही शिखरं उठतील. पण प्रकाश काळीवर पडला, आणि शिखरं काळीच्या नावावर उठली.

ताई खुर्चीतून उठली. पुन्हा बसली. चष्मा डोळ्यांवर घेतला, काढला, पुन्हा घेतला. मग तिनं आईला फोन लावला. तिची आई चार वर्षं रोज एकच प्रश्न विचारते, "सापडलं का गं काही?" त्या दिवशी तिनं विचारायच्या आधीच ताई म्हणाली, "आई, सापडलं!"

"काय सापडलं?"

"अगं, जिवंत होतं काहीतरी, त्याचं उरलेलं. मेणासारखं."

"तीनशे कोटी वर्षं टिकलं? आणि तू लहानपणी डबा दोन दिवस दप्तरात विसरायचीस तर वास यायचा." आई हसत होती, पण तिचा आवाज भरून आला होता.

तासाभरात सर आले. सर म्हणजे या विभागाचे प्रमुख, उंच, घाईचे, बोलताना सारखे किल्ल्या वाजवणारे. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि ताईच्या पाठीवर थाप मारली. "गुरुवारी सगळ्यांपुढे मांड. शुक्रवारी लेख पाठवू. अशी संधी दोनदा येत नाही." पी हळद आणि हो गोरी, असा त्यांचा कारभार. मजल्यावरचे सगळे काळीला बघून गेले. कोणी पेटीसकट तिचा फोटो काढला. मी शेजारीच होते. फोटोत माझा एक कोपरा आला असेल.

तेव्हा मी जळाले, तशी भट्टीतही जळाले नव्हते. तिच्या अंगावर जो दागिना, तोच माझ्याही अंगावर, एकाच हातानं घातलेला. आणि आरसा मात्र तिच्यापुढेच धरलेला. मला ओरडावंसं वाटत होतं की मला बघा, एकदा मला बघा, मग बघू या काळीचा तोरा किती टिकतो. ताईचं काय होईल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

सोमवारी सकाळी काका वर आले. त्यांच्या हातात त्यांची स्वतःची नोंदवही होती. ते दारातच उभे राहिले.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की काका."

"माझ्या कामात काही खोट निघाली का?"

"छे! असं का म्हणता?"

"नाही, चकत्या कधी दिल्या ते तुमच्या वहीवरून उतरवून घेत होतो. गारगोटीपुढे 'मागच्याप्रमाणे' लिहिलंय. म्हणून मागचं पान काढलं, तर तिथंही 'मागच्याप्रमाणे'. चार पानं मागं गेलो. मी दर महिन्याला तिला कापतो, काळीला देतो तेवढाच वेळ तिला देतो. अर्धा दिवस जातो. तुम्ही बघणारच नसाल तर आधी सांगायचं, मी ती कापली नसती."

ताई ओशाळली. "अहो, ती कोरीच असते हो काका."

"असेल. मी कोरी म्हणून दिली. तुम्ही कोरी म्हणून घेतलीत का, एवढंच विचारतोय."

काका खाली गेले. ताई वही उघडून बराच वेळ बसली. ती चिडली होती असं मला वाटलं, आणि थोडी होतीही, कारण तिनं पट्टी जरा आपटूनच यंत्रात सरकवली. मग चार महिन्यांनी प्रकाश माझ्यावर पडला.

तो माझा दिवस होता. रेष डावीकडून निघाली, सरळ चालत आली आणि तीन हजारांच्या अलीकडे उठली. एक शिखर. शेजारी दुसरं. काळीची जशी, अगदी तशीच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. घे, म्हटलं काळीला, बस आता मखमलीवर! मी जिंकले होते.

मग मी ताईकडे बघितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं काळीचा आलेख काढून माझ्या आलेखावर ठेवला. दोन्ही रेषा एकीखाली एक लपल्या. ती फक्त "अरे देवा" म्हणाली, तेही इतक्या हळू की यंत्राच्या पंख्यात ऐकू येईना. तिच्या तोंडाकडे बघवेना मला. माझी सगळी मौज तिथेच ओसरली, आणि तरीही खरं सांगते, पूर्ण ओसरली नाही.

सरांना तिनं बोलावून दाखवलं. किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"ब्लँक खराब झालेला दिसतो," सर म्हणाले. "पुसून घे आणि परत मोज. सपाट आला की तो लाव. गुरुवार तोंडावर आलाय."

"पुसते सर. पण मग काळीलाही पुसावं लागेल."

"तिला कशाला?"

"दोघींना एकाच हातानं धरलंय मी."

सरांना उत्तर माहीत होतं, म्हणूनच ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. ताई गप्प राहिली असती, मला एकटीलाच पुसून पुढे गेली असती, तर कोणाला कळणार होतं? मला कळलं असतं, पण मला विचारतो कोण! तिची चार वर्षं, सरांची शाबासकी, आईचा तो भरून आलेला आवाज, सगळं त्या एका पुसण्यावर टांगलं होतं.

तिनं दोघींना धुतलं. आधी एका द्रावणात, मग दुसऱ्यात, आणि भाजून घेतलेल्या चिमट्यानं उचललं. माझी शिखरं गेली. काळीचीही गेली. मग तिनं एका स्वच्छ धातूच्या पट्टीवर मोज्याचं बोट नुसतं टेकवलं आणि ती पट्टी यंत्रात ठेवली. दोन शिखरं उठली, सगळ्यात उंच.

"मोजे," ताई म्हणाली. "आपण मोज्यांचा शोध लावलाय, सर."

सर हसले नाहीत. जाताना दार मात्र त्यांनी हळू लावलं.

पुढे जे झालं ते मी अजून विसरलेले नाही. ताईनं मोजे काढून टोपलीत टाकले. काळीची वरची साल, कापून बाजूला ठेवलेली, आता कसल्याच मोजमापाच्या उपयोगाची नव्हती. ती तिनं उचलली. उघड्या हातानं. तळहातावर ठेवून मूठ मिटली आणि तशीच बसून राहिली. थोड्या वेळानं डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं दुसऱ्या हातानं पुसलं. हरली होती काळी. हरवलं होतं मी. आणि ऊब गेली तिच्याच वाट्याला. मी खाचेत पडून बघत होते, आणि जिंकल्याचा मला तेव्हा इतका राग आला, की काय सांगू.

आईचा फोन आला, तो तिनं तशाच बंद मुठीनं घेतला.

"आई, नव्हतं ते. माझीच चूक होती."

"सगळंच गेलं का?"

"नाही. आत बारीक ठिपके आहेत, लेसरखाली कार्बन दिसतो. जुनाच आहे, आत बंद झालेला, त्याला मोजे लागणं शक्य नाही. पण तो कोणा जिवाचा होता की नाही, ते नाही सांगता येणार."

"मग जेवढं सांगता येतंय तेवढं सांग. जेवलीस का?"

गुरुवारी मी कपाटात होते. सभेत काय झालं ते काकांनी दुसऱ्या दिवशी करवतीचं पाणी बदलताना भांडारातल्या माणसाला सांगितलं. ताईनं पहिला आलेख माझा दाखवला. शिखरांचा. मग म्हणाली, "चार महिने मी ब्लँक मोजला नव्हता." मग मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, की आमच्याकडेही तेच मोजे आहेत, आम्हालाही आता जुने आलेख काढून बघावे लागतील. भांडारातल्या माणसाचा चेहरा पडला, तेव्हा काकांनी त्याला चहा पाजला.

आता माझं बरं चाललंय म्हणायचं. रोज सकाळी पहिला प्रकाश माझ्यावर. ताई चाळीस मिनिटं बसते, पडद्याला नाक लावून. ही नजर मी मागितली होती. पण ती संशयाची नजर आहे. ती बघते आणि मनात म्हणते, काही नको, काही नको. रेष सपाट निघाली की तिचा जीव भांड्यात पडतो. "शाब्बास," म्हणते कधीकधी. आणि मग खुर्ची वळवून काळीकडे जाते, तिथल्या त्या शेपटीवाल्या ठिपक्याकडे, आणि मनात म्हणते, काहीतरी असू दे.

तिच्याकडे काहीतरी असावं अशी इच्छा, आणि माझ्याकडे काही नसावं अशी. दोन्ही एकाच मनात, एकाच सकाळी. तुम्हीच सांगा, मी जळू नको तर काय करू?

दर महिन्याला माझी एकेक चकती जाते. अर्धी वीट होते, आता साबणाच्या वडीएवढी उरले आहे. आणखी वर्षभरात करवतीला धरता येणार नाही इतकी लहान होईन, आणि काका पोतं घेऊन दुसरी गारगोटी आणायला जातील. येऊ दे बापडी. तिलाही शेजारीण हीच मिळणार आहे.

माझं मागणं एवढंच आहे, आणि ते ताईला कोणी सांगितलं तर बरं होईल. ज्या दिवशी माझा उरलेला तुकडा मोजायच्या कामाचा राहणार नाही, त्या दिवशी तो लगेच टोपलीत टाकू नये. मोजे काढावेत. मला उघड्या हातावर घ्यावं, आणि बोटांचं जे काय तेल, घाम, मळ असेल तो सगळा खुशाल लागू द्यावा. नंतर कुठल्याही यंत्राखाली ठेवा, शिखरं दिसतील. ती माझी असतील.